भिडेखातर पाच लाख

कुरियरवाल्याच्या मोबाइलवर बोटानं सही करून भाऊराव रामटेके आत आले आणि पाकीट त्यांनी उभ्याउभ्याच फोडलं. नोव्हेंबरची अठ्ठावीस तारीख होती, शुक्रवार. सुभद्राबाई आंघोळीला गेल्या होत्या. पाकिटात गुळगुळीत कागदांची एक जाडजूड फाइल निघाली. पहिल्या पानावर हसणारं म्हातारं जोडपं, दुसऱ्यावर विमा कंपनीच्या साहेबाचं अभिनंदनाचं पत्र, आणि तिसऱ्यावर एक तक्ता. तक्ते वाचण्यात भाऊरावांची सगळी नोकरी गेली होती. त्यांची नजर सरळ मधल्या आकड्यांवर गेली आणि तिथंच अडकली. वार्षिक हप्ता पाच लाख रुपये. हप्ते भरण्याची मुदत सात वर्षं.

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. आकडा तोच होता, सात.

एकदाच पाच लाख भरायचे, अशा समजुतीनं त्यांनी दोन आठवड्यांपूर्वी चेक फाडला होता. जुलैअखेरीला ते रिटायर झाले होते. हातात आलेले पैसे सगळे मिळून चव्वेचाळीस लाख, आणि पेन्शन महिना सेहेचाळीस हजार. सात वर्षं पाच-पाच लाख म्हणजे पस्तीस लाख. त्यांनी मनातल्या मनात वजाबाकी केली, ती पुन्हा केली, आणि बाथरूमची कडी वाजली तशी फाइल दिवाणाखालच्या जुन्या वर्तमानपत्रांमध्ये सरकवून दिली.

"कोण होतं जी?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"कुरियरवाला. चुकून आपल्याकडं आला होता."

पस्तीस वर्षांच्या संसारात भाऊराव बायकोशी क्वचितच खोटं बोलले असतील. त्यामुळे ते त्यांना नीट जमतही नव्हतं.

भाऊराव मूळचे भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचे. सत्त्याऐंशी साली रेल्वेच्या डिझाइन ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून लागले आणि पत्र्याची पेटी घेऊन लखनऊच्या चारबाग स्टेशनावर उतरले. त्यांना उतरवून घ्यायला स्टेशनावर बाबुराव गजभिये आले होते. ना नात्याचे, ना गावचे. भाऊरावांच्या मामांनी नागपुराहून एक पोस्टकार्ड टाकलं होतं, तेवढ्यावर हा माणूस थंडीत दोन तास प्लॅटफॉर्मवर उभा राहिला होता. बाबुरावांनी त्यांना आपल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरात चौदा महिने ठेवून घेतलं. भाऊरावांना कावीळ झाली तेव्हा गजभिये वहिनींनी दीड महिना बिनतेलाचं रांधून वाढलं. पगार झाला की भाऊराव काही पैसे पुढं करायचे आणि बाबुराव त्यांचा हात मागं सारायचे. "राहू दे ना बे. तू का परका आहेस?" त्या चौदा महिन्यांचे पैसे बाबुरावांनी शेवटपर्यंत घेतले नाहीत. ते जाऊन आता नऊ वर्षं झाली होती.

ऑफिसात भाऊरावांचा चांगलाच वचक होता. ड्रॉइंगमध्ये एखादं माप चुकलेलं दिसलं, की ते कुणाचं आहे हे न पाहता ते लाल पेन्सिलीनं गोल करून परत पाठवत. साहेबांचीसुद्धा ड्रॉइंगं त्यांनी तशी परत पाठवली होती. पण कागद बाजूला झाला आणि समोर माणूस आला, की त्यांचं सगळं बळ गळून जाई. 'नको' हा शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथूनच माघारी वळायचा. घामानं भिजलेल्या एका सेल्समनला त्यांनी पाणी दिलं आणि मग त्याच्याकडून व्हॅक्यूम क्लीनर घेतला. तो अजून माळ्यावर होता. बारा खंडांचा इंग्रजी ज्ञानकोश होता, तो घरात कुणी उघडला नव्हता. सहकाऱ्यांच्या बायका, स्वतःचा मेहुणा, कँटीनवाल्याचा जावई, असं करत करत घेतलेल्या सात विमा पॉलिसी होत्या. एकीचीही त्यांना गरज नव्हती. सगळ्या भिडेखातर घेतलेल्या.

सुभद्राबाईंचं बरोबर उलटं. अलीगंजच्या भाजीवाल्यांना त्या अर्ध्या हिंदीत, अर्ध्या नागपुरीत सांगायच्या, "भैया, इतना भाव नाई देनेका, और टमाटर भी वापस लेव," आणि तोच भाजीवाला दुसऱ्या दिवशी त्यांना हाक मारून बोलवायचा. नाही म्हटल्यानं माणसं तुटत नाहीत, हे त्यांना उपजतच ठाऊक होतं. घर त्यांच्याच हातांनी चाललं होतं. अलीगंजमधला हा पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट झाला, मुलगी शिवांगी एम.एस्सी. होऊन शाळेत गणित शिकवायला लागली, ते बाईंच्या अशा रोजच्या नकारांतून. मोठ्या रकमा मात्र त्या नवऱ्यावर सोडत. चूक झाली असेल तर ती एवढीच.

नोव्हेंबरात त्या बहिणीच्या मुलीच्या लग्नाला नागपूरला गेल्या होत्या आणि शिवांगी शाळेत होती, तेव्हा बाबुरावांचा मुलगा प्रसन्न आला. चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, लखनऊतच जन्मलेला. त्यानं वाकून पाया पडून नमस्कार केला.

"काका, सच बताऊं? तुमचा पैसा बँकेत नुसता पडलाय. पाच लाख इधर लावा, म्हातारपणी हर साल घरबसल्या इन्कम. बाबा असते तर त्यांनीपण हेच सांगितलं असतं."

बाबांचं नाव निघालं आणि भाऊरावांनी चहा ठेवला. तासाभरानं त्यांनी नऊ ठिकाणी सह्या केल्या. दोन दिवसांनी कंपनीतून खातरजमा करायला फोन आला, तेव्हाही प्रसन्न त्यांच्या शेजारीच बसला होता. फोनवरची मुलगी भराभर बोलत होती आणि प्रत्येक प्रश्नाला प्रसन्न मान डोलावत होता. भाऊराव त्याच्या मानेकडं पाहून 'हाँ जी, हाँ जी' म्हणत गेले. सात वर्षांचं त्या मुलीनं नक्कीच विचारलं असणार. आता त्याचंच त्यांना राहून राहून वाटत होतं. आपल्याला कुणी फसवलं, असं म्हणायचीही सोय राहिली नव्हती.

डिसेंबर लागला, धुकं पडायला लागलं आणि भाऊरावांचा पाय घरात ठरेना. सकाळी दूध आणायला जायचे ते चौरस्त्यापर्यंत चालत जायचे आणि दूध न घेताच परत यायचे. घट्ट असलेले नळ पुन्हा घट्ट करायचे. पेपर उघडून एकाच पानावर अर्धा तास बसायचे. जेवताना मध्येच उठून खिडकीपाशी जायचे. एकोणचाळीस लाख बँकेत शिल्लक होते, उपाशी मरायची वेळ नव्हती, पण पुढल्या नोव्हेंबरात पुन्हा पाच आणि त्याच्या पुढल्या नोव्हेंबरात पुन्हा पाच, हा हिशेब डोक्यात घरघर करत राहायचा. प्रसन्नला त्यांनी दोनदा फोन केला. "काका, घबराना नहीं. दोन साल भरा, मग बघू," असं तो हसत म्हणाला. दोन वर्षांनी नेमकं काय बघायचं, हे विचारायला भाऊरावांची जीभ रेटली नाही.

शेवटी वाचा फुटली ती बाथरूममुळं. बाथरूमचं पाणी खालच्या मजल्यावरच्या मिश्रांच्या छतात झिरपायला लागलं होतं. मिस्त्रीनं ऐंशी हजार सांगितले. सुभद्राबाई म्हणाल्या, "पैसे काढा, अन् येताना पासबुक भरून आना. मले एकदा पाहू द्या, किती आहेत किती नाई."

भाऊराव बँकेत गेले आणि परत आले. पासबुकाची मशीन बंद आहे म्हणाले. दुसऱ्या दिवशीही बंद होती. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले की दुसऱ्या शाखेत जाऊन पाहिलं, तिथलीही बंद आहे.

सुभद्राबाई गाजराच्या शिरा काढत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली. "लखनऊतल्या साऱ्या मशिनी एकदमच बंद पडल्या काय? काऊन असं करून राहिले तुमी? पंधरा दिवस झाले, पाहून राहिली मी. तब्येतीचं काई आहे का? डॉक्टरनं काई सांगितलं का?"

त्यांच्या आवाजातली भीती ऐकली आणि भाऊरावांना आपलं खोटं सहन होईना. त्यांनी दिवाणाखालून फाइल काढली आणि गाजरांच्या शेजारी ठेवली. सगळं सांगितलं. चेक, सह्या, फोन, सात वर्षं.

सुभद्राबाईंनी फाइल बाजूला सारली. मग म्हणाल्या, "मले वाटलं, कॅन्सर निघाला तुमाले." आणि एकदम रडायला लागल्या. त्या पाच लाखांसाठी रडत नव्हत्या, हे भाऊरावांना कळत होतं, आणि त्यामुळेच त्यांना जास्त शरम वाटली.

संध्याकाळी शिवांगी शाळेतून आली. तिला मराठी सगळं समजे, पण बोलताना हिंदीच तोंडात येई. तिनं कोट न काढता फाइल पहिल्या पानापासून वाचायला घेतली. भाऊरावांनी वगळलेली बारीक अक्षरांची पानंसुद्धा. अकराव्या पानावर ती थांबली.

"पापा, ये देखिए. बॉन्ड, मतलब ये फाइल, हाथ में आने के तीस दिन के अंदर पॉलिसी वापस कर सकते हैं. थोड़ा-बहुत कटेगा, बाकी पूरा पैसा वापस. बॉन्ड कब आया था?"

"अठ्ठावीस नोव्हेंबर."

"आज सत्रह दिसंबर है. यानी अट्ठाईस तक टाइम है." तिनं मोबाइल काढला. "मैं अभी मेल कर देती हूँ. दो मिनट का काम है."

"थांब," भाऊराव म्हणाले. "आधी प्रसन्नला सांगितलं पाहिजे. त्याला न विचारता मागच्या मागं परत करणं बरं दिसत नाही."

मायलेकींनी एकमेकींकडं पाहिलं. "ठीक आहे," सुभद्राबाई म्हणाल्या. "तुमी सही केली, तुमीच सांगा. पन सांगाच."

प्रसन्न तिथंच भेटेल म्हणून दुसऱ्या दिवशी भाऊराव अलीगंजजवळच्या कपूरथला चौकात कंपनीच्या शाखेत गेले. काउंटरवर रुचिरा श्रीवास्तव नावाची एक चुणचुणीत मुलगी होती. तिनं "बैठिए अंकल जी" म्हणून खुर्ची दिली, चहा मागवला आणि कॉम्प्युटरवर एजंटचं नाव पाहून लगेच प्रसन्नला फोन लावला. वीस मिनिटांत प्रसन्न धापा टाकत हजर झाला. त्यानं भाऊरावांना बाहेर पायऱ्यांवर नेलं. या वेळी तो हसत नव्हता.

"काका, असं नका करू. तुमची पॉलिसी गेली तर कमिशन परत कापतात. डिसेंबरचं टार्गेट आहे. पोरीची फी थकलीय दोन महिने. मला थोडे दिवस द्या, मी काहीतरी करतो."

त्याच्या बुटाचा तळ एका बाजूनं सुटला होता. भाऊरावांना तो दिसला. "बघू मग," ते म्हणाले. घरी आले तेव्हा त्यांच्या हातात कंपनीचं नव्या वर्षाचं कॅलेंडर होतं. रुचिरानं दिलं होतं, आणि तेही त्यांना नाकारता आलं नव्हतं.

सुभद्राबाईंनी कॅलेंडराकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं, आणि कणीक मळायला आत गेल्या. रागावल्या असत्या तर भाऊरावांना सोपं गेलं असतं.

रविवारी विहारात वंदनेला सगळे जमले; घरून भाऊराव एकटेच आले होते. वंदना संपल्यावर गजभिये वहिनी काठी टेकत आल्या. आता पंच्याहत्तरीच्या पुढं गेल्या होत्या. त्यांनी भाऊरावांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "भाऊ, तुमी प्रसन्नच्या मागं उभे राहिले. आमचे हे असते तर लई बरं वाटलं असतं त्यायले." भाऊरावांना वाटलं, आपण इथून उठून सरळ चालत सुटावं. प्रसन्न चपला घालता घालता जवळ आला. "काका, टेन्शन मत लो. पच्चीस को तो छुट्टी, नंतर सिस्टम स्लो असतो. सोमवारी, एकोणतीसला, सकाळी सकाळी मी घरी येतो, फॉर्मवर सही घेतो, कॅन्सल. तुम्हाला ऑफिसात यायचीपण गरज नाही."

भाऊरावांच्या छातीवरचं ओझं उतरलं. ई-रिक्षात बसून घराकडं निघाले, तेव्हा पंधरा-वीस दिवसांत पहिल्यांदा त्यांना भूक लागली होती. वाटेत गाडी थांबवून त्यांनी तिखटमीठ लावलेला पेरू घेतला. पेरू खाता खाता ते बोटांवर मोजायला लागले, सहज, सवयीनं. आज एकवीस. अठ्ठावीस पुढला रविवार. सोमवार एकोणतीस.

म्हणजे सोमवार एकतिसावा दिवस.

पेरूची फोड हातातच राहिली. प्रसन्नला हे ठाऊक नसेल? पंधरा वर्षं तो याच धंद्यात होता. तीस दिवसांचा नियम त्याला पाठ असणारच. त्यानं सोमवार मुद्दाम काढला होता. ज्या बाबुरावांनी हातातले पैसे मागं सारले, त्यांच्या मुलानं मोजून एका दिवसाचा फास टाकला होता. भाऊरावांना राग यायला हवा होता. पण राग येईना. घर आलं तरी ते खाली उतरले नाहीत. "अंकल, उतरना नहीं है?" रिक्षावाला दोनदा म्हणाला.

ते घरात गेलेच नाहीत. त्या दुपारी धुक्यात सगळं अलीगंज त्यांनी पालथं घातलं. शाळेच्या भिंतीकडेनं, बंद दुकानांपुढून, पुन्हा त्याच चौकात. तासाभरानं सुभद्राबाई शाल घेऊन त्यांना शोधत आल्या. बगिच्याच्या कठड्यापाशी दोघं उभे राहिले. भाऊरावांनी सोमवारची गोष्ट सांगितली.

"मग आता तरी?" सुभद्राबाई म्हणाल्या.

"सुभद्रा, त्याच्या बुटाचा तळ सुटलाय. पोरीची फी थकलीय. आणि त्याच्या बापाचं मी चौदा महिने खाल्लंय."

सुभद्राबाईंनी शाल त्यांच्या खांद्यावर नीट केली. "हे पहा. बाबुराव भाऊजींचं देनं आपल्यावर आहे, मी नाई म्हनत नाई. त्यांच्या पोराले मदत करावी वाटते ना? मग मदत म्हनून करा. पोरीची फी भरा. दहा द्या, वीस द्या, आपल्याले झेपंल तेवढे द्या, अन् परत मागू नका. पन मदत करायची अन् तिले पॉलिसी म्हनायचं, असं काऊन? पाच लाखातले त्याले किती भेटनार? बाकीचे त्या कंपनीले. आपन का कंपनीचं खाल्लं होतं चौदा महिने?"

भाऊरावांनी शाल घट्ट ओढून घेतली. इतकी सरळ गोष्ट आपल्याला चाळीस वर्षांत कशी सुचली नाही, याचं त्यांना नवल वाटलं. मेहुण्याची पॉलिसी, कँटीनवाल्याच्या जावयाची पॉलिसी, सगळीकडं त्यांनी हेच केलं होतं. माणसाला काही द्यावंसं वाटलं की त्याच्याकडून काहीतरी विकत घेतलं होतं.

पंचवीस तारखेला सुट्टी होती. जेवणाच्या टेबलावर कोरा कागद घेऊन ते बसले. पहिल्यांदा लिहिलेल्या पत्रात त्यांनी तीन वेळा क्षमा मागितली होती. ते त्यांनी फाडलं. मग ऑफिसात चुकलेलं ड्रॉइंग परत पाठवताना लिहायचे तसं लिहिलं. विषय, पॉलिसी क्रमांक, बॉन्ड मिळाल्याची तारीख. खाली चार ओळी. हप्ता एकदाच आहे अशी माझी समजूत होती. तो सात वर्षांचा आहे. माझ्या पेन्शनमधून तो झेपणारा नाही. सबब पॉलिसी परत करीत आहे, रक्कम खात्यात जमा करावी. शिवांगीनं ते हिंदीत उतरवलं, सही घेतली, फोटो काढून कंपनीला मेल केला. "मेल तो चला गया, पापा. कल ऑफिस में रिसीविंग भी ले लीजिए. मुहर लगवा के. मैं चलूँ साथ?"

"नको," भाऊराव म्हणाले.

सव्वीसला सकाळी साडेदहालाच ते शाखेत पोचले. आत आणखी दोन-तीन गिऱ्हाइकं होती. रुचिरानं ओळखून हसून खुर्ची पुढं केली. भाऊराव बसले नाहीत. बसलो की संपलं, हे त्यांना आता कळलं होतं.

"ये लेटर रिसीव कर लीजिए. कॉपी पर मुहर चाहिए."

"अंकल जी, बैठिए तो. चाय लेंगे?"

"नहीं. मुहर दीजिए, बस."

तिनं मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर तरुण होता, अंगात कोट. त्यानं भाऊरावांना केबिनमध्ये यायला सांगितलं. भाऊराव काउंटरपाशीच राहिले. मग तो तिथंच सांगायला लागला. हप्ता कमी करता येईल, दुसऱ्या प्लॅनमध्ये बदलून देता येईल, एवढी चांगली पॉलिसी पुन्हा मिळणार नाही, कारण काय आहे नेमकं? भाऊरावांच्या कानशिलांवरून घाम उतरत होता. बाहेर आठ डिग्री तापमान होतं. ते एवढंच म्हणत राहिले, "कारण लेटर में लिखा है." चारदा, पाचदा. आवाज थरथरत होता, पण वाक्य तेच होतं.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. प्रसन्नचा होता. कुणीतरी त्याला कळवलं असणार.

"काका, कुठं आहात? मी सोमवारी येणारच होतो ना!"

"प्रसन्न, सोमवारी एकतीस दिवस होतात," भाऊराव म्हणाले.

प्रसन्न अगदी हळू म्हणाला, "काका, मला माहीत नव्हतं."

"असेल," भाऊराव म्हणाले. "मी कागद देऊन टाकतो आता. संध्याकाळी तुझ्याशी बोलतो."

फोन ठेवला तेव्हा मॅनेजरनं खांदे उडवले आणि रुचिराला खूण केली. तिनं शिक्का उमटवला, तारीख घातली, सही केली. भाऊराव कॉपी घडी न करता हातात धरून बाहेर आले. पायऱ्या उतरल्यावर खालच्या पेरूवाल्याच्या गाडीला धरून ते क्षणभर उभे राहिले.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पैसे परत आले. स्टॅम्पचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे मिळून काही रुपये कापले होते. या वेळी तिघांनी मिळून सगळं ठरवलं. सगळ्यांत आधी मिश्रांच्या छताचं काम. वर्षभराचा घरखर्च बँकेत, कधीही काढता येईल असा. दोघांचा आरोग्य विमा, कारण रेल्वेचं हॉस्पिटल लांब आणि सुभद्राबाईंचे गुडघे कुरकुरणारे. मोठा भाग पोस्टात ज्येष्ठांच्या योजनेत, दर तिमाहीला व्याज देणारा. जुन्या सातांपैकी चार पॉलिसी मुदत संपत आली म्हणून ठेवल्या, उरलेल्या तिन्हींचे हप्ते थांबवले. आणि एक ठरलं: वीस हजारांच्या वरची कुठलीही सही एकट्यानं करायची नाही, तिघांपैकी कुणीच नाही.

त्याच आठवड्यात भाऊराव सरोजिनी नगरला प्रसन्नच्या घरी गेले. सव्वीसच्या संध्याकाळी फोनवर तो फार बोलला नव्हता. आताही खाली मान घालून बसला होता. भाऊरावांनी पाकीट पुढं केलं. "पोरीची फी आहे. परत द्यायची नाही."

प्रसन्नचा चेहरा लाल झाला. "काका, पॉलिसी परत केली आणि आता भीक देता का?"

"तुझ्या बाबांनी मला ठेवून घेतलं, ती भीक होती काय रे?"

प्रसन्ननं पाकीट घेतलं नाही. वहिनी आतून सगळं ऐकत होत्या, पण बाहेर आल्या नाहीत. भाऊराव तसेच परत आले. बसमध्ये त्यांना दोनदा वाटलं की आपण त्या घरात पुन्हा कधी पाय ठेवू शकणार नाही. कानपूर रोडवर गाड्यांची रांग लागली होती आणि बस इंचाइंचानं सरकत होती. त्यांना उतरून चालत सुटावंसं वाटत होतं.

बारा दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर प्रसन्नकडून एक फोटो आला. शाळेनं पाठवलेली थकलेल्या फीची चिठ्ठी, अठरा हजार चारशे. सोबत एक शब्द नव्हता. शिवांगीनं दाखवलं तसे भाऊरावांनी पैसे सरळ शाळेच्या खात्यात भरले आणि 'भरले' एवढंच लिहून पाठवलं. उत्तर आलं नाही. मात्र पुढल्या रविवारी विहारात भाऊराव उशिरा पोचले, तेव्हा प्रसन्न सतरंजीवर थोडा बाजूला सरकला आणि त्यांना जागा झाली. दोघं शेजारी बसले.

फेब्रुवारीत एके दिवशी ऑफिसातल्या एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. कानपूर रोडच्या पुढं प्लॉट पडतायत, चार जण मिळून घेऊ, तुम्ही 'हो' म्हणा फक्त. भाऊराव फोन कानाला लावून गॅलरीत येरझारा घालत राहिले. सहकारी बोलत होता आणि यांच्या तोंडून 'अच्छा, अच्छा' एवढंच निघत होतं. सुभद्राबाई आतून कान देऊन ऐकत होत्या. शेवटी भाऊराव म्हणाले, "यार, घर में पूछ के बताता हूँ," आणि फोन ठेवला.

"नाई म्हनता नाई आलं?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"नाही आलं," भाऊरावांनी कबूल केलं.

"असू द्या. आता मी नाई म्हनते," त्या म्हणाल्या आणि फोनसाठी हात पुढं केला.